ताईची सही

मी टपाल कचेरीत रजिस्टरच्या खिडकीवर बसते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रांगेत सगळ्यात पुढे किल्ल्या बनवणारे काका. पाकीट चिकटवलेलं, पोचपावतीचं कार्ड भरलेलं, आणि बोटं लोखंडाच्या चुऱ्याने काळी. पाकिटावर हमखास ठसे उमटतात. मी दर वेळी ओरडते, पण ऐकतील तर शपथ!

पत्र जायचं त्यांच्या थोरल्या बहिणीला, सहा तासांवरच्या गावी. आईचं शिलाई मशीन काकांनी तिला न विचारता भंगारात दिलं होतं. ताई म्हणाली, "यापुढे तुला एक अक्षर लिहिणार नाही आणि तुझा फोनही उचलणार नाही." बाई शब्दाची पक्की. सात वर्षं झाली, पीळ काही सुटला नाही.

"उत्तर येणारच नाही, तर साध्या टपालाने टाका की," मी एकदा म्हटलं.

"साधं पत्र आलं की नाही, मला काय कळणार? याला सही करावी लागते! माझ्याशी अबोला धरेल, पोस्टमनपुढे काय चालतंय तिचं?"

आठवड्याने सहीचं कार्ड परत आलं की काका ते मला दाखवायला यायचे. सही ठसठशीत, म्हणजे ताई ठणठणीत. मग महिनाभर गडी निवांत.

गेल्या महिन्यात कार्ड आलं, त्यावर सही भलत्याचीच. खाली कंसात 'शेजारीण'. काकांचा चेहरा पार उतरला.

"बाई, ताईचं काही बरंवाईट..."

"इथे उभं राहून काय कळणार? बस पकडा आधी!"

ते तसेच सुटले. जन्मभर कुलपांत हात घातलेला माणूस, पण दुकान सताड उघडं टाकून गेला. आमच्या शिपायाने जाऊन शटर ओढलं.

चार दिवसांनी काका खिडकीशी आले ते हसतच. दार ताईनेच उघडलं होतं, हातात जळमटं काढायचा झाडू.

"तू बरी आहेस ना? सही दुसऱ्याची होती..."

"मला काय धाड भरलीय? सात वर्षं सह्या केल्या, तू आपला पत्रं धाडत बसलास. म्हटलं, एकदा न करून बघू. एवढ्यावर येतोस हे आधी कळलं असतं, तर पहिल्याच पत्रावर केली नसती!"

मी पोट धरून हसले. काकाही हसले, आणि हसता हसताच डोळे भरून आले त्यांचे.

"बाई, ती म्हातारी झालीय हो. सगळे केस पांढरे, कंबरेत वाकलीय. सहीत ते कुठे दिसत होतं?"

मागे रांग वाढत होती. म्हटलं, वाढू दे.