दहाची लेन्स, सोळाची लेन्स

घरांचे फोटो काढायला लागल्यापासून माझ्याकडे घरांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. मेमरी कार्ड भरलं की जुने फोटो पुसता येतात. हे किस्से मात्र चहाला दोन मैत्रिणी बसल्या की आपोआप वर येतात. बहुतेक किश्शांत येडी मीच ठरते, त्यामुळे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही, एवढीच सोय.

तर, मी वाशिमात विकाऊ घरांचे आतून फोटो काढते. काम आणतात सुधाकरभाऊ, घरांचे दलाल. लेक इरा सकाळी बालवाडीत जाते. तेवढ्या तीन तासांत बसेल, एम.एस्सी. झालेल्या बाईला करताना अगदीच ओशाळं वाटणार नाही आणि सासूबाईंनाही फार बोलता येणार नाही, असं जगात हे एकच काम आहे अशी माझी पक्की समजूत. त्यामुळे ते जाईल अशी भीती मी रोज सकाळी दात घासतानाच उरकून घेते.

अडचण एकच होती. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये खोली मावायची नाही. अर्धा पलंग, पाऊण खिडकी. शेवटी अकोल्याच्या एका ओळखीच्या दुकानदारानं दोन वाइड लेन्स आठ दिवसांसाठी वापरायला दिल्या. एक दहा मिलिमीटरची, एक सोळाची. आकडा जितका लहान, तितकं जास्त दिसतं. "एक ठेवा, एक वापस करा," तो म्हणाला.

मेथी घ्यावी की पालक, यात जिची सकाळ जाते त्या बाईला हे सांगितलं!

*

पहिला प्रयोग घरीच केला. दहाची लेन्स लावली आणि स्वयंपाकघराचा फोटो काढला. सासूबाई कडेला बसून शेंगा सोलत होत्या.

फोटोत आमचं स्वयंपाकघर मंगल कार्यालयाएवढं झालं आणि सासूबाई तिथल्या आचाऱ्याएवढ्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हे मी आहो का व?"

"आई, या लेन्समध्ये कडेचं जरा पसरतं."

"मंग मधात बसवा लागत होतं मले. सूनच कडेले बसवते, तं लेन्सले कायले बोलू?"

त्या दिवसापासून मी कॅमेरा काढला की त्या ताट घेऊन खोलीच्या बरोब्बर मध्यभागी येऊन बसतात.

*

दहाच्या लेन्सला सगळं दिसतं. सगळं म्हणजे माझे पायसुद्धा.

एका रिकाम्या फ्लॅटचे आठ फोटो सुधाकरभाऊंना पाठवले. त्यांनी न पाहता ते गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत फोन आला.

"ताई, एक जण विचारून राह्यला. म्हणे, घर खाली हाय म्हणता, मंग पाय कोनाचे हायेत?"

मी फोटो मोठा करून पाहिला. फरशीच्या खालच्या टोकाला माझी दहा बोटं ओळीनं उभी होती. नेलपॉलिश फक्त डाव्या पायाला, कारण उजवा रंगवायच्या आत इरा उठली होती.

*

खरा घोळ झाला तो गुरुजींच्या वेळी. हे निवृत्त शिक्षक फोटोतला हॉल पाहून हरखले आणि बायको, दोन सुना, मोजपट्टी असा लवाजमा घेऊन घर पाहायला आले. हॉलमध्ये सगळे शिरले, आणि शेवटच्या सुनेला उंबऱ्यातच थांबावं लागलं.

गुरुजी फोनमध्ये पाहत, मग भिंतीकडे पाहत, मग परत फोनमध्ये.

"हे त्याच घराचं पिल्लू दिसते," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

सुधाकरभाऊ कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त धास्ती. जिन्यात त्यांनी अगदी हळू सांगितलं, "ताई, तुमचे फोटो लय भारी. पन अजून एक गिऱ्हाईक असं वापस गेलं ना, तं मी आपला मोबाइलवरच काढीन. लोक मलेच खोटा म्हनून राह्यले."

घरी जाऊन मी दहाची लेन्स डब्यात ठेवली आणि डबा कपाटात. मग येता-जाता कपाटाकडे रागानं पाहणं सुरू केलं, जणू गुरुजींना त्या लेन्सनंच बोलावलं होतं.

*

सोळाची लेन्स खोटं बोलत नाही. पण खोली पूर्ण हवी असेल तर मागे सरकावं लागतं. आणि या घरांत मागे भिंत असते.

आता सरकणं हाच माझा मुख्य धंदा झाला. बाथरूमच्या दारात, बाल्कनीच्या कठड्याला टेकून, सिंकखाली. एका घरी फ्रिज आणि भिंतीच्या फटीत घुसले. फोटो छान आला. मी मात्र बाहेर आले नाही. बाळंतपणानंतर माझ्या शरीराची जी वाढीव बाजू आहे, ती मी हिशेबात धरली नव्हती.

घरमालकीण आली, तिनं पाहिलं, आणि काहीही न विचारता म्हणाली, "बसा अशाच. चहा मांडते."

मी फटीत उभ्यानं चहा प्यायले. नवरा इराला घेऊन मला ओढून काढायला येईपर्यंत तिनं माझं माहेर, त्याची नोकरी आणि 'दुसऱ्याचा विचार कधी' हे सगळं विचारून घेतलं. पळता येत नसताना माणूस फार प्रामाणिक उत्तरं देतो.

*

त्याच आठवड्यात बालवाडीच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

मी अंदाज बांधायला लागले. इरानं कोणाला चावलं? डब्यात काही निघालं?

"आई काय करते असं विचारलं सगळ्यांना. इरा म्हणाली, आई भिंतीत घुसते. बाबा ओढून काढतात."

मी लेन्स, फ्रिज, फट, सगळं समजावलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काही वाटलं तर बोलत जा. मनात ठेवू नका."

*

आठवा दिवस. संध्याकाळपर्यंत एक लेन्स अकोल्याला परत जायची होती, आणि सकाळी अनसिंग गावचे दामोदरकाका घर पाहायला येणार होते. नातीला कॉलेजसाठी वाशिमात ठेवायचं होतं. फोटो माझेच, सोळाच्या लेन्सचे. काका सुधाकरभाऊंना फोनवर म्हणाले होते, "मांगच्या खोलीत अठ्ठावीस पोते बसतील. फोटोत मोजले म्या." शेतकरी माणूस, त्यांचा फूट, मीटर, सगळं सोयाबीनच्या पोत्यात.

मी मुद्दाम हजर राहिले. हेही परत गेलेच, तर निदान शेवटचं काम डोळ्यांनी पाहावं म्हणून.

काका खोलीत आले. इकडे गेले, तिकडे गेले, फोन समोर धरला. कपाळाला आठी. सुधाकरभाऊ माझ्याकडे पाहायला लागले, मी पंख्याकडे.

"फोटोत दार न खिडकी संगच दिसते. इथून तं एकच दिसून राह्यली. बाई, तुमी कुठी उभ्या होत्या?"

मी बोट दाखवलं. भिंतीतलं कपाट होतं, अजून फळ्या न लावलेलं.

काकांनी देवळाबाहेर काढाव्या तशा चपला काढल्या, धोतर आवरलं आणि कपाटात जाऊन बसले. फोन डोळ्यासमोर धरला. एकेक पोतं मोजायला लागले. त्यांचे ओठ हलत होते.

"काय दिसते?" त्यांच्या बायकोनं, कांताकाकूंनी विचारलं.

"समदं दिसते. अठ्ठावीसच बसतात. बाईनं एक पोतं वाढवलं नाई."

"मंग निघा बाहीर, मले पाहू द्या."

काकू आत बसल्या, बराच वेळ बसल्या, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाल्या, "एवढ्याशा जागेत तुमी कशा मावल्या व माय?"

दहाची लेन्स संध्याकाळच्या बसनं अकोल्याला गेली.

चार महिन्यांनी दामोदरकाकांच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं. आम्ही सगळेच गेलो. मागच्या खोलीत त्या कपाटाला आता सनमायकाची दारं होती. काकूंनी ती उघडून दाखवली. वर तीन फळ्या, त्यांवर सतरंज्या, डबे, नातीची पुस्तकं. खाली मोकळं, आणि त्यात एक घडी घातलेली गोधडी.

"मिस्तरी खालची फळी ठोकत होता," काकू म्हणाल्या. "म्या म्हटलं, ते राहू दे. आता जेवण झालं का तुमी बसा आत. समद्यायचा एक फोटो पायजे."

सासूबाई तोवर खोलीच्या मधोमध जाऊन बसल्या होत्या.