वगळलेल्या नोंदी

माझ्या प्रबंधातला आकडा शंभर टक्क्यांच्या इतका जवळ आला होता की तो कुणाला तरी सांगावासा वाटत होता. नायगावच्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर मी एकटी राहायचे. मजल्यावरच्या बाकी फ्लॅटना कुलपं होती. खाली वॉचमन होता, पण त्याला काय सांगणार? शेवटी गावी आईला फोन लावला. ती म्हणाली, "म्हणजे संपलं ना गं एकदाचं? मग आता स्थळं बघायला हरकत नाही." मी फोन ठेवून दिला. तेव्हा स्वभाव असाच तडकाफडकी होता. आता सुधारलाय असंही नाही.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि माझी पीएचडी काही संपत नव्हती. विषय सांगितला की लोक जांभया द्यायचे, पण आहे तो सोपा. कारखान्यात काम कसं चालतं हे माणसांना विचारून कळत नाही, जो तो नियमाप्रमाणेच सांगतो. म्हणून संगणकातल्या नोंदी घ्यायच्या, कोणत्या वस्तूवर कोणतं काम कधी झालं त्याच्या, आणि त्यांवरून प्रोग्रामकडून कामाच्या वाटांचा नकाशा काढून घ्यायचा. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता: हा नकाशा कितपत बरोबर, हे मोजायचं कसं? काही नोंदी आधीच झाकून ठेवायच्या, उरलेल्यांवरून नकाशा काढायचा, मग झाकलेल्या नोंदी एकेक करून त्यावर चालवून बघायच्या. किती बसल्या आणि किती अडकल्या, त्यावर गुण.

वसई पूर्वेला पंप दुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं, त्यांनी मला वर्षभराच्या नोंदी दिल्या होत्या. पंप येतो, उघडतात, मोटरचं वाइंडिंग होतं, टेस्टिंग होतं, पंप जातो. झाकलेल्या नोंदी जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या बसल्या. गाईडनी कळवलं, "लिहून काढा. घोडं गंगेत न्हालं."

नकाशा छापून मी वर्कशॉपला गेले. प्रबंधासाठी फोटो हवाय, हे निमित्त होतं. खरं म्हणजे कुणीतरी तो कागद हातात घेऊन बघावा असं मला वाटत होतं.

तिथले मिस्त्री जवळच्या गास गावाहून सायकलने यायचे. सकाळी घरच्या वाडीला पाणी घालून मग कामावर. साठीला टेकले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि हसले.

"असं सरळ काम कोन करतो, मॅडम? पंप पान्यात सोडायचा, गळला की परत उघडायचा. दोनदा, कदी तीनदा. तुमच्या कागदात कोन मागं फिरतच नाय."

"पण काका, नोंदी तुमच्याच आहेत."

त्यांनी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंकडे बोट दाखवलं. ती माझ्याच वयाची होती. तिने अगदी अभिमानाने सांगितलं, "दिवसभर मी कामाची कार्डं जमवते आणि चारला एकदम भरते. आधी सगळ्यांचं उघडणं, मग सगळ्यांचं वाइंडिंग, मग टेस्टिंग. परत परत केलेलं नाही लिहीत. शेठना शीट नीट लागते ना."

प्रोग्राम पंपांचं काम शिकलाच नव्हता. तो या बाईची चार वाजताची सवय शिकला होता. झाकून ठेवलेल्या नोंदीही तिच्याच हातच्या, मग बसतील नाही तर काय! मला तिचा भयंकर राग आला. घरी येईपर्यंत तो माझ्यावरच उलटला. वर्षभर मी मोजमापाच्या पद्धतींवर पानंच्या पानं लिहिली होती आणि वर्कशॉपची पायरी चढले नव्हते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही मनात येऊन गेलं. वर्कशॉपमधलं कुणी प्रबंध वाचणार नव्हतं आणि प्रबंध वाचणारं कुणी वसईला येणार नव्हतं. चार दिवस मी तशीच बसून होते. पाचव्या दिवशी गाईडना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तीन आठवडे तिथे बसा आणि हाताने लिहा. वर्ष गेलं समजा."

टेस्टिंगच्या टाकीशेजारी मी स्टूल टाकलं. कोणता पंप, काय केलं, किती वाजता, सगळं वहीत. पहिल्या दिवशी बाईंनी जेवायला हाक मारली, तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं आणि पर्समधलं बिस्कीट खाल्लं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "उपाशी बसून काय लिवता? या हिकडे." तांदळाची भाकरी आणि त्यांच्या वाडीतली वांगी. मग मीही डबा नेऊ लागले. काहीच गाळायचं नाही असा हट्ट होता, म्हणून तेही लिहिलं: एक वाजून पाच मिनिटं, जेवायला बोलावलं.

नवा नकाशा म्हणजे नुसता गुंता होता. सगळे पंप मागे फिरत होते. आकडा साफ घसरला. पुढे वर्षभराने त्याच घसरलेल्या आकड्यावर माझा प्रबंध मंजूर झाला, कारण तो खरा होता. पण मला आठवतो तो नकाशा काढण्याआधीचा, नोंदी साफ करण्याचा दिवस. जे मूळ कामाचं नाही त्याला आमच्यात नॉइज म्हणतात, ते आधी काढून टाकायचं असतं. जेवणाच्या हाका पंपाच्या कामात कशा बसणार? अठरा दिवसांच्या अठरा ओळी मी एकेक करून पुसल्या. पुसताना लक्षात आलं, त्या सगळ्या वहीत रोज, न चुकता, ठरल्या वेळी घडलेली तेवढी एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सवयीने डबा भरला. दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि तिथेच थांबले. वर्कशॉपला जायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. नुसतं जेवायला आले, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एक वाजून पाच मिनिटांनी मी डबा ताटात काढला आणि एकटीच जेवले.