शेवंताचे पक्षी

सगळा वर्ग कॉम्प्युटरभोवती गोळा झाला होता आणि एक मुलगी एकटीच बाकावर शांत बसून होती. सातपुड्यातल्या त्या आश्रमशाळेत मी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला जात असे. त्या दिवशी मुलं पानांचे फोटो दाखवून कॉम्प्युटरला मोह आणि पळस ओळखायला शिकवत होती. बाकावरच्या शेवंताला जन्मापासून दिसत नव्हतं.

"मॅडम, याला ऐकू येतं का?" तिने विचारलं.

"येतं की. का गं?"

"मग मी याला पक्षी शिकवते."

फोटो तिथेच राहिले. आम्ही सगळे शाळेमागच्या झाडीत गेलो. शेवंताने मोबाइलवर होल्याचे आणि भारद्वाजाचे आवाज टिपले. वर्गात येऊन ते कॉम्प्युटरला ऐकवले, तर त्याने होल्यालाच भारद्वाज ठरवलं. मुलं खो खो हसली.

"हसू नका रे," शेवंता म्हणाली. "मलाही आधी कळायचं नाही. आई परत परत ऐकवायची. त्यालाही अजून ऐकवू."

मला वाटलं, शिकणारं माणूस असो की यंत्र, त्याच्यासाठी कुणाला तरी थांबावं लागतं. मग मुलं पुन्हा झाडीत गेली, आणखी आवाज घेऊन आली. बऱ्याच वेळाने पडद्यावर बरोबर उत्तर उमटलं. शेवंता मान कलती करून वाट पाहत होती. मी तिला काही सांगायच्या आत सगळा वर्ग तिच्याकडे वळून एकदम ओरडला, "होला!"