चिंचलीच्या वाटेवर, फोन माझ्याच हातात

"चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या दर्शनाला एकदा जाऊन येऊ गं," असं आत्या दिवाळीपासून म्हणत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. नवरा फौजेत, त्याची रजा कधी मिळायची! मग काय, शुक्रवारी पहाटे शिरवळहून मीच गाडी काढली. मागच्या सीटवर आत्या आणि त्यांच्या मांडीवर नैवेद्याच्या पुरणपोळ्यांचा डबा.

वाकडी वाट करून आधी पाचगणी गाठली. पसरणी घाटात तिसाच्या वर गेले नाही, त्याचं कारण पोटात होतं: आठवा आठवडा. मागच्या वेळी आनंदाच्या भरात आत्यांनी अख्ख्या भावकीत पेढे वाटले आणि नेमकं आठव्याच आठवड्यात सगळं संपलं. नंतर महिनाभर प्रत्येक जण दारात येऊन हळहळून जायचा. या वेळी तीन महिने सरेपर्यंत फक्त नवऱ्याला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण आत्यांची खोड म्हणजे फोन वाजला की यांची मान लांब. "कुणाचा गं?"

स्ट्रॉबेरी-क्रीमचा पेला दीडशेला. "लय महाग!" म्हणत आत्यांनी तो चाटूनपुसून साफ केला. पुढे कराड, पेठ नाका आणि तिथून सांगलीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेलो. विश्रामबागेत बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. सकाळी "मैत्रिणीला भेटून येते" म्हणून गेले. मैत्रीण डॉक्टर. पडद्यावर ते इवलंसं धडधडताना पाहिलं आणि मी चक्क रडले. सोनोग्राफीचा फोटो फोनमध्ये घेतला, कागद तिच्याकडेच ठेवला.

मिरज, म्हैसाळ, मग कर्नाटकाची हद्द. निवडणुकीमुळे तपासणीचा नाका लागलेला. मी मूर्खासारखा ब्लॉगसाठी काचेतून व्हिडिओ काढला आणि पोलीस साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"व्हिडिओ का काढला? फोन द्या इकडं. गॅलरी उघडा."

त्या व्हिडिओला चिकटूनच सकाळचा फोटो होता, आणि आत्या शेजारी उतरून उभ्या!

"साहेब, चूक झाली. डिकी बघा, कागद बघा, व्हिडिओ मी पुसते. फोन मात्र हातात देणार नाही. कोणत्या आदेशानं मागताय, ते सांगा."

"लपवायला काय आहे एवढं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे सरसावल्या. "आवं सायेब, तुमच्या घरात बायकांच्या कपाटाला कडी असतीया का न्हाई? मग त्यात काय चोरीचा माल असतोय व्हय? तिचा फोन मीबी कवा बघत न्हाई!"

एवढं धडधडीत खोटं ऐकून मला खोकलाच आला. साहेबही हसले. "बरं आजी. ताई, तुम्हीच पुसा. पुन्हा काढू नका."

मी गॅलरी उघडली. शेजारी बघते तर आत्या माझ्याकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून उभ्या! पुसून झाल्यावर मी "चला" म्हणेपर्यंत वळल्या नाहीत.

चिंचलीत गर्दी नव्हती. नैवेद्य दाखवला, कपाळभर भंडारा लावला आणि झाडाखाली बसून उरलेल्या पोळ्या दुधात बुडवून हाणल्या. काय सुख होतं म्हणून सांगू!

तुम्ही जाणार असाल तर नाक्यावर चित्रीकरण नको. गाडीचे कागद हाताशी ठेवा. फोन मागितलाच, तर आवाज न चढवता कारण आणि आदेश विचारा. मी काही वकील नाही. परदेशी विमानतळांवर नियम निराळे असतात. ते निघण्याआधी वाचा आणि नको ते फोनमधून नेऊच नका.

रविवारी संध्याकाळी शिरवळला पोचलो. चहा ठेवला, पण मला काही राहवेना. त्या उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तेच डोळ्यांसमोर येत होतं. नाक्यावर जो कुणालाच द्यायचा नव्हता, तो फोन मी आपणहून उघडून त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो लांब धरला. "काय गं हे, नुसतं ढगाळलंय?" मग एका बोटानं काच हळूच पुसली आणि डोळे पदराला लावले.

"आत्या, पेढे?"

"गप. कुनाला न्हाई सांगायचं," म्हणाल्या. तीन महिने सरले, आज त्यांनीच परवानगी दिली म्हणून हे लिहितेय.

त्या संध्याकाळी फोन परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "आदी लॉक कर."