बर्फाचे संत आणि माझी अकरा रोपं

हॉलंडमध्ये झूटरमेरला लेकीकडे राहायला आले तेव्हा माझ्या कुंकवाच्या करंड्यात गावठी टोमॅटोचं बी कसं काय निघालं, ते विचारू नका. निघालं एवढं खरं. आणि निघालं तेवढं सगळं पेरलं, मागे एक दाणाही ठेवला नाही. इथल्या टोमॅटोला रंग आहे, रूप आहे, पण सार केलं की नुसतं लाल पाणी. मला आंबट हवा होता.

अकरा रोपं आली. दह्याच्या रिकाम्या डब्यांत एकेक हलवलं, खोड पार पानांपर्यंत मातीत पुरून. टोमॅटोला तसंच आवडतं. मग रोज दोन तास मागच्या अंगणात उन्हावाऱ्याला ठेवायची, की परत आत. जावई म्हणाले, "आई, यांचं ऑफिस माझ्यासारखंच. थोडं बाहेर, बाकी घरून."

मेच्या पहिल्या आठवड्यात असं ऊन पडलं की मी स्वेटर काढला. म्हटलं, आता कसली वाट बघायची? खुरपं घेऊन सगळी रोपं वाफ्यात लावायला बसले. कुंपणापलीकडचे डच आजोबा लेकीला काहीतरी सांगू लागले.

"काय म्हणतायत गं?"

"बर्फाचे संत होऊन जाऊ देत म्हणतायत. मेच्या मध्यावर त्यांचे दिवस असतात, तोवर थंडी परत येऊ शकते. त्याआधी इथे कुणी टोमॅटो बाहेर लावत नाही."

"मे महिन्यात बर्फ? सांग त्यांना, असल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. याच घराचा गृहप्रवेश मी मुहूर्तासाठी तीन आठवडे लांबवला होता. बिचारी सामान बांधून बसली होती.

"आई, हे तू बोलतेस?"

"मुहूर्ताचं वेगळं," मी म्हटलं आणि शेवटचं रोप दाबलं.

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर काय, वाफ्यात काळ्या काड्या, पानं उकडलेल्या पालकासारखी. पण कुंपणालगतची तीन रोपं एका जुन्या चादरीखाली हिरवीगार! चादर आमची नव्हती. आजोबांनी आदल्या संध्याकाळीच हात पुरला तिथवर पलीकडून टाकली होती. 'सांगितलं होतं ना' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर दुपारपर्यंत चारदा म्हटलं असतं.

तिन्ही उपटून परत डब्यांत घातली, आत नेली. एक त्यांना दिलं. देताना जीव वरखाली होत होता. तिनातलं एक म्हणजे काय! त्यांच्याकडे काचघर, त्यामुळे त्यांचे टोमॅटो माझ्यापेक्षा महिनाभर आधी पिकले. एक दिवस आख्खं टोपलं घेऊन दारात उभे.

"आता काय म्हणतायत?" मी लेकीला विचारलं.

"फार आंबट आहेत म्हणे. तू घेशील का, विचारतायत."