दाजी मास्तरांची रांग

दाजी मास्तर पटकीने गेले, हे मला अकोल्याच्या कापूसबाजारात कळलं. आमच्या अमरावतीहून आलेला गाडीवान वर म्हणाला, "आता तुमची ते इंग्रजीची शाळा बंद पडते म्हना." मला त्याचा रागच आला. महिना झाला, राग उतरला नाही, म्हणून हे वर्तमानपत्राला लिहितो.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला असा भाव आला, की साहेबाची चिठ्ठी वाचेल त्याला नोकरी. मी माळी, वांगी विकणारा. चांगली मिशी फुटल्यावर इंग्रजी शिकायला बसलो. एका शेठजींनी सरकीच्या कोठीमागची जागा दिली होती. मास्तर वाक्य पाटीवर लिहीत नसत, आम्हालाच उभं करत. कर्ता, क्रियापद, कर्म, हातात हात धरून. मग क्रियाविशेषणाने रांगेत आपली जागा शोधायची. ते क्रियापद आणि कर्म यांच्या मधे शिरलं की मास्तर म्हणत, "बाबू, घास आन् तोंडाच्या मधात कोनी येते काय?"

एक दिवस महारवाड्यातला तुळशीराम आला. गाड्यांवर कापसाच्या गठाणी चढवायचा, चिठ्ठी त्यालाही वाचायची होती. मास्तरांनी त्याला 'नेहमी' हे क्रियाविशेषण केलं. त्याची जागा कर्त्याच्या लगेच पुढे, आणि कर्ता होतो मी. मी हात मागे घेतला... लिहिताना लाज वाटते, पण घेतला. मास्तर स्वतः कर्ता झाले, त्याचा हात धरला आणि मला म्हणाले, "तू बस. तुयाबिगर वाक्य होते."

दुसऱ्याच दिवशी शेठजींचा मुनीम दारात. तुळशीरामाला ओट्यावर बसवा, नाही तर जागा खाली करा. "रांग तोडून शिकवता येत नाही मले," एवढं बोलून मास्तरांनी पाट्या उचलल्या. रात्रभर झोपलो नव्हतोच मी. म्हटलं, मास्तर, आमच्या वाडीत चला. बापाने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वर्ग मात्र तिथेच भरला, मास्तर जाईपर्यंत.

आता मुनीम म्हणतो, कोठीमागची जागा परत घ्या, नवा मास्तर आम्ही आणू, वर्गात फक्त तो एक नको. मुनीमजी, उत्तर छापूनच देतो. मास्तर आणू नका, आहे आमच्याकडे. वर्ग वाडीतच भरतो, रोज सकाळी. तुमच्या कारकुनांना शिकायचं असेल तर खुशाल पाठवा, बसायला घोंगडी देऊ. आल्यावर नमस्कार मात्र करावा लागेल, आणि 'तुळशीराम मास्तर' म्हणावं लागेल.