मावळतीच्या आत

येशूला वधस्तंभावर किती वाजता खिळलं, यावरून माझे पप्पा आणि माझे मोठे काका भांडतात, असं आमच्या चर्चमध्ये नवीन आलेल्या कुणालाही वाटलं असतं. मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो, तिसऱ्या तासाला. त्या काळी तास सूर्योदयापासून मोजत, म्हणजे आपले सकाळचे नऊ. योहान लिहितो की सहाव्या तासाच्या सुमाराला, म्हणजे भर दुपारी, रोमी सुभेदार पिलातापुढे खटला अजून चाललाच होता. काका मार्काच्या बाजूचे, पप्पा योहानाच्या. रविवारची उपासना संपली की पप्पा मला म्हणत, तुझ्या काकांना विचार, नऊला खिळलेला माणूस बाराला पिलातापुढे उभा कसा? काका हातभर अंतरावरच असत. ते म्हणत, तुझ्या पप्पांना सांग, योहानाकडे घड्याळ नव्हतं. मग पप्पा म्हणत, मार्काकडे होतं का म्हणावं.

मी दातांची डॉक्टर आहे. लोकांना तोंड उघडायला लावणं हे माझं रोजचं काम, पण या दोघांना एकमेकांसमोर तोंड उघडायला लावणं मला सात वर्षांत जमलं नव्हतं. नाताळात दोघं एकाच टेबलावर बसायचे आणि करंज्यांचं ताट माझ्या हातून इकडून तिकडे जायचं. काका सत्तरीला टेकलेले, पप्पा त्यांच्या मागोमाग, दोघांनाही मधुमेह. आपण किती करंज्या खाल्ल्या हे दोघांनाही आठवायचं नाही, दुसऱ्याने किती खाल्ल्या ते बरोबर आठवायचं.

भांडणाचं खरं कारण वेळेचंच होतं, फक्त वेळ वेगळी होती. आजोबा गेले ते मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी. पप्पा तेव्हा मालेगावला नोकरीला होते. फोन आल्याबरोबर निघाले, पण चांदवडच्या पुढे बस बंद पडली, दुसरी मिळाली ती नाशिकच्या द्वारका चौकात येऊन अडकली, आणि द्वारका ओलांडायला किती वेळ लागतो हे नाशिककरांना सांगायला नको. काका इकडे वाट बघत होते. पण दिवस कलल्यावर त्यांचा धीर सुटला. उन्हाळ्याचे दिवस, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून दफन नाही, दफनभूमीत दिवे नाहीत, तेव्हा अंधार पडायच्या आत उरकलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. पप्पा पोचले तेव्हा माणसं फुलं ठेवून परत निघाली होती. बापाला मूठमातीसुद्धा त्यांना देता आली नाही. एक तास थांबायला काय झालं होतं, एवढं एकच वाक्य ते भावाला बोलले. काका वळून फाटकाकडे चालू लागले. तिथून पुढे सगळा कारभार माझ्यामार्फत.

मला दोघांचाही राग यायचा. पप्पांचा जास्त, कारण ते माझे होते.

यंदा आमच्याकडे नवे पाळक आले. त्यांनी मोठ्या उत्साहात ठरवलं की गुड फ्रायडेची दुपारची उपासना झाली की संध्याकाळी चर्चच्या आवारात येशूच्या मरणाची आणि दफनाची नाटिका करायची, उघड्यावर, खऱ्याखुऱ्या मावळत्या उन्हात. बसवायची मी. पात्रं मात्र त्यांनी स्वतः वाटली. काका सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त आणि पोट त्याहून भारदस्त, म्हणून ते पिलात. पप्पांची दाढी पांढरीशुभ्र, चेहरा गरीब, म्हणून ते अरिमथाईकर योसेफ. हा योसेफ धीर करून पिलाताकडे जातो, येशूचं शरीर मागून घेतो आणि शब्बाथ हा यहुदी विश्रांतीचा दिवस लागायच्या आत, म्हणजे दिवस मावळायच्या आत, ते कबरेत ठेवतो. तासांबद्दल शुभवर्तमानांचं आपसात जमत नसेल, पण त्या संध्याकाळच्या घाईबद्दल कुणाचाच वाद नाही.

पाळकांना बिचाऱ्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. आई म्हणाली, तू विस्तवाशी खेळतेस. मी म्हटलं, सात वर्षं राखेखाली धुमसतोय तो, एकदा फुंकर मारून तर बघू. यावर आईने मला बापाच्या वळणावर गेलेली म्हटलं. ते काही कौतुक नव्हतं.

तालमी म्हणजे निव्वळ करमणूक होती. आमचा येशू इंजिनिअरिंगला शिकणारा, ताडमाड उंच. वधस्तंभ त्याला आखूड पडला आणि सुताराकडे परत गेला. रोमी शताधिपतीचं, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाचं, प्लॅस्टिकचं चिलखत सारखं पाठीवर सरकायचं, त्यामुळे तो समोरून उघडा पडलेला आणि मागून शूर दिसायचा. शेजारच्या इमारतीतल्या एक काकू रोज खुर्ची घेऊन तालीम बघायला यायच्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात. सहाव्या तासापासून देशभर अंधार पडला, असं निवेदकाने म्हटल्यावर त्या म्हणाल्या, सहाला म्हणजे जरा लवकरच पडला. सहावा तास म्हणजे दुपारचे बारा, हे मी सांगितल्यावर मात्र त्यांनी पदर सावरून हात जोडले.

आमच्या संडे स्कूलच्या पोरांना एक कोडं कायम छळतं. शुक्रवारी संध्याकाळी पुरलं आणि रविवारी पहाटे उठला, तर तिसरा दिवस कसा? मी दरवर्षी बोटांवर मोजून समजावते आणि दरवर्षी माझाच घोळ होतो. काकूंना ते कोडं वाटलंच नाही. त्या म्हणाल्या, शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, गेल्याचा दिवस धरायचाच असतो, आमच्याकडेही तिसऱ्याचं असंच मोजतात. पाळकांनी हे ऐकलं आणि पुढच्याच रविवारी उपदेशात घातलं. काकूंना ते कळल्यावर त्यांची खुर्ची एक रांग पुढे आली.

फक्त एका प्रवेशाला सगळ्यांचं हसू आटायचं. पप्पा पिलातापुढे यायचे आणि ‘येशूचं शरीर मला द्या’ हे वाक्य काकांच्या मागच्या बदामाच्या झाडाला सांगायचे. काका त्यांच्याकडे न बघता शताधिपतीला विचारायचे, तो इतक्यात मेला का, आणि हुकूमही शताधिपतीलाच सोडायचे. मी म्हटलं, काका, निदान योसेफाकडे बघून म्हणा. ते म्हणाले, मार्क वाच, पिलाताने शताधिपतीलाच विचारलंय. मार्कात तसं आहेच, मग मी काय बोलणार? पप्पांकडे गेले तर ते म्हणाले, तोंडाकडे बघून मागायचं असेल तर मला दुसरं काम दे. शेवटी मी हात टेकले. झाडाला तर झाडाला.

गुड फ्रायडेला दुपारी तीनपर्यंत उपासना चालली. बरेचसे उपाशी, वर तापलेलं छप्पर आणि पंखे गरम हवा ढवळताहेत, तरी संध्याकाळी आवार भरलं. नाटिका उशिरा सुरू झाली, कारण काकांचा जांभळा झगा ऐन वेळी पोटावर उसवला आणि मला तो त्यांच्या अंगावरच शिवावा लागला. टाके घालण्याची मला सवय आहे, पण भूल न देता घालण्याची नाही. काका प्रत्येक टाक्याला कण्हत होते. त्यामुळे आमचा येशू मेला तेव्हा सूर्य जेमतेम कासराभर उरला होता.

पप्पा पिलातापुढे गेले आणि त्यांचं वाक्यच अडलं. मी पडद्याआडून सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

“दिवस मावळायला आलाय,” ते म्हणाले. “मला शरीर द्या.”

यातलं पहिलं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. शताधिपती चिलखत सावरत पुढे आला, कारण आता प्रश्न त्याला यायचा होता. काकांनी त्याला काहीच विचारलं नाही. ते पप्पांकडे नुसते बघत राहिले. आता हे उठून घरी जातात, असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

“ने,” ते म्हणाले. “सावकाश ने. मी थांबतो.”

लोकांना ते पिलाताचंच वाक्य वाटलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, पडद्याआड कोण बघतंय. पाळक शेजारीच उभे होते. त्यांनी कुजबुजत विचारलं की हे कुठल्या शुभवर्तमानात आहे? मी म्हटलं, आमच्या.

पप्पा वधस्तंभाकडे वळले. येशूला उतरवून आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणलं. तिथे बांबू आणि गोणपाटाची कबर केली होती. आता येशूचा छुपा अनुयायी निकदेम याने सुगंधी द्रव्यं घेऊन यायचं आणि दोघांनी मिळून शरीर तागाच्या कापडात गुंडाळायचं, असं ठरलं होतं. पण आमच्या निकदेमाचं औषधांचं दुकान आहे. त्याला नेमका दुकानातून फोन आला आणि तो दाढीसकट फाटकाबाहेर गेला. पप्पा एकटे उरले. समोर तो लांबलचक पोरगा निपचित पडलेला, हातात पलंगपोसाएवढं कापड.

मी आडोशाने खुणा करत होते की नुसतं अंगावर टाका आणि संपवा, सूर्य चालला. पप्पांनी बघितलंच नाही. त्यांनी ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसलं. मग हात पुसले, एकेक बोट धरून. केस मागे सारले, पुन्हा नीट नव्हते म्हणून पुन्हा सारले. येशूच्या नाकावर डास बसला होता, पण तो पोरगा हललासुद्धा नाही. सूर्य समोरच्या इमारतींमागे गेला. शब्बाथ लागला, सगळं शास्त्राबाहेर गेलं, आणि एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावून धरला.

पिलाताला कबरेपाशी काही काम नसतं. कुठल्याच शुभवर्तमानात तो तिकडे फिरकत नाही. काका सिंहासनावरून उठले, जांभळा झगा दोन्ही हातांनी वर धरून सगळं आवार ओलांडून आले आणि पप्पांच्या समोर, येशूच्या पायांशी, गुडघ्यांवर बसले. माझे टाके उसवल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

पप्पांनी मान वर केली नाही. कापडाचं एक टोक त्यांनी पुढे सरकवलं.

“दादा,” ते म्हणाले, “पायाकडून धर.”

“धरलंय,” काका म्हणाले. “तुझं होऊ दे.”